पाळीव प्राणी बेघर का होतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राणी सोडायला आलेली माणसं, दत्तक घ्यायला आलेली माणसं आणि नुसतंच "एवढी कुत्री-मांजरं इथे येतात तरी कुठून?" म्हणून चौकशी करणारी माणसं, या सगळ्यांकडून आमच्या शेल्टरमध्ये, म्हणजे बेघर प्राण्यांच्या निवाऱ्यात, हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही उत्तरं लांबली आहेत. जिथे थोडी माहिती आधी मिळाली असती तर प्राणी घरातच राहिला असता, तिथे हात आखडता घेतलेला नाही.

शेल्टरमध्ये येणारे प्राणी नेमके कुठून येतात?

काही रस्त्यावर सापडतात. त्यांतले बरेच हरवलेले असतात, काही मुद्दाम सोडून दिलेले, तर काही घराबाहेरच जन्मलेले. काहींना मालक स्वतः आणून देतात. काही जप्त केलेले असतात. छळ, उपासमार किंवा एकाच घरात डझनांनी कोंडलेली मांजरं अशी ती प्रकरणं असतात. आणि काही दत्तक जाऊन परत आलेले.

अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१९ च्या आकडेवारीवरून केलेला अंदाज असा, की तिथल्या शेल्टरमध्ये तेव्हा वर्षाला सुमारे ६३ लाख कुत्री-मांजरं येत होती आणि त्यांतल्या सुमारे ९ लाख २० हजारांना मरण दिलं जात होतं. याच संस्थेच्या अंदाजात २०११ मध्ये हा दुसरा आकडा २६ लाखांच्या आसपास होता. म्हणजे परिस्थिती सुधारू शकते, आणि सुधारली आहे.

प्राणी सोडणारी माणसं निर्दयी असतात का?

काही असतात. चालत्या गाडीतून पिल्लांची पेटी खाली टाकून निघून जाणारे आहेत. पण शेल्टरच्या टेबलासमोर येऊन फॉर्म भरणारी बहुतेक माणसं तशी नसतात. नोकरी गेलेली, घर सुटलेलं, घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं अशी ती माणसं. कुत्र्याचा पट्टा आमच्या हातात देताना अनेकांचे हात थरथरतात. त्यांना चार शब्द सुनावून प्राण्याचं काहीच भलं होत नाही. उलट बोलणी खावी लागतील या भीतीने माणसं शेल्टरकडे यायचं टाळतात आणि मग प्राणी रस्त्यावर जातो. म्हणून "कारण काहीही असो, आधी फोन करा" एवढंच आम्ही सांगतो.

सगळ्यांत जास्त वेळा सांगितलं जाणारं कारण कोणतं?

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या १२ शेल्टरमध्ये मालकांच्या मुलाखती घेऊन याचा मोठा अभ्यास झाला. कुत्र्यांच्या बाबतीत घर बदलणं आणि घरमालकाची हरकत ही कारणं वर होती. मांजरांच्या बाबतीत घरात मांजरं फार झाली, कुणाला अ‍ॅलर्जी आहे आणि घर बदलतोय, ही. खर्च झेपत नाही, वेळ नाही ही कारणं दोन्हीकडे दिसली. सोडलेल्या कुत्र्यांपैकी बहुतेकांना कसलंही प्रशिक्षण मिळालेलं नव्हतं, आणि त्यांत भरणा तरुण कुत्र्यांचा होता.

पण फॉर्मवर लिहिलेलं कारण हे बहुतेक वेळा शेवटचं कारण असतं. "घर बदललं" असं लिहिलेल्या माणसाशी जरा निवांत बोललं की हळूहळू कळतं: कुत्रा एकटा राहिला की भुंकतो, शेजाऱ्यांची तक्रार झाली, घरमालकाने तंबी दिली, दार कुरतडलं, आणि मग दुसरं घर शोधताना कुत्रा चालणारं घर शोधायची उमेदच उरली नाही. मूळ दुखणं होतं एकटेपणाची भीती. त्यावर उपाय होता, आणि तो करायला काही महिने हाताशीही होते. प्राणी बेघर होण्याची सुरुवात अशी शेल्टरमध्ये येण्याच्या किती तरी आधी झालेली असते.

भाड्याच्या घरात प्राणी चालत नाही म्हणाले तर काय करावं?

आधी बोलून पाहावं. घरमालकाला भीती वाटते ती आवाजाची, वासाची आणि मोडतोडीची. आधीच्या घरमालकाचं पत्र, लसीकरणाची आणि नसबंदीची कागदं, नुकसान झालं तर भरून देण्याची लेखी तयारी आणि प्राण्याची प्रत्यक्ष भेट, एवढ्याने नकाराचा होकार झाल्याची उदाहरणं आहेत. प्राणी लपवून ठेवू नका. उघडकीला आलं की सामान आवरायला चार दिवससुद्धा मिळत नाहीत, आणि घाईत सोडावे लागलेले प्राणी आमच्याकडे असेच येतात. मधला काळ काढायचा असेल तर नातेवाईक, मित्र किंवा फॉस्टर घर (प्राण्याला काही काळ सांभाळणारं घर) शोधा. बऱ्याच संस्था अशी तात्पुरती सोय करतात, फक्त त्यांना वेळेवर कळवावं लागतं.

पिल्लू होता तेव्हा गुणी होता, आता ऐकतच नाही. हा बिघडला का?

बिघडला नाही, वयात आला. सोडल्या जाणाऱ्या कुत्र्यांमध्ये तरुणांचा भरणा का, याचं उत्तर इथेच आहे. साधारण सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत कुत्र्याचं शरीर मोठ्याचं असतं आणि डोकं पोरकट. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिलं, की पाच महिन्यांच्या वयात मालकाचं ऐकणारी पिल्लं आठ महिन्यांची झाली की त्याच मालकाच्या "बस" या आज्ञेकडे जास्त दुर्लक्ष करतात, आणि गंमत म्हणजे अनोळखी माणसाचं तेव्हाही ऐकतात. हा टप्पा ओसरतो. तो ओसरण्याआधीच मालक हरतो, हे खरं दुःख.

यात पिल्लाच्या पहिल्या काही आठवड्यांचा वाटाही मोठा असतो. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जग ओळखायला शिकतं. माणसं, मुलं, छत्री, सायकल, दुसरी कुत्री, मिक्सरचा आवाज हे सगळं त्या काळात भीती न वाटता समोर आलं, तर पुढे ते निर्धास्त राहतं. मांजराच्या पिल्लांसाठी हा काळ आणखी लहान, दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या आसपासचा. चार आठवड्यांचं पिल्लू आईपासून तोडून आणलं किंवा तीन महिने एका खोलीत कोंडलं, तर पुढे ते भित्रं होतं. भित्रं कुत्रं गुरगुरतं, आणि गुरगुरणाऱ्या कुत्र्याला घर मिळणं कठीण.

घरात करण्यासारखं बरंच आहे. हवं तसं वागला की लगेच खाऊ द्या. ओरडून किंवा मारून शिकवायला जाऊ नका, त्याने भीती वाढते आणि भीतीतूनच चावणं येतं. चावायला हक्काच्या वस्तू द्या. रोज चालवा, आणि चालताना वास घेऊ द्या. नुसतं पळवून आणण्यापेक्षा वास घेण्याने कुत्रं अधिक शांत होतं. आणि एक विनंती: गुरगुरण्याबद्दल शिक्षा करू नका. ती त्याची सूचना आहे. सूचना द्यायची बंद केली की ते सरळ चावतं.

मांजर वाळूचा ट्रे सोडून गादीवर, कपड्यांवर शू करते. ही खोडी कशी मोडायची?

आधी पशुवैद्याकडे न्या. "सूड उगवते" असं म्हणत माणसं मांजर सोडायला येतात आणि तपासल्यावर मूत्राशयाला सूज, खडे, मूत्रपिंडाचा त्रास किंवा म्हातारपणातला मधुमेह निघतो. शू करताना दुखतं, मांजर ते दुखणं ट्रेशी जोडते आणि मऊ जागा शोधते. बोका वारंवार ट्रेमध्ये बसत असेल, कण्हत असेल आणि थेंबही पडत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबला असण्याची शक्यता असते. अशा वेळी सकाळपर्यंत थांबू नका, तो एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

आजार नसेल तर ट्रेकडे पाहा. जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त. ट्रे मोठा, उघडा, खाण्याच्या भांड्यांपासून दूर, वॉशिंग मशीनच्या शेजारी नको. रोज साफ. सुगंधी वाळू आपल्या नाकासाठी असते, मांजरांना ती बहुधा आवडत नाही. घरात नवं मांजर किंवा नवं माणूस आलं, खिडकीबाहेर परका बोका फिरू लागला, तरीही हा प्रकार सुरू होतो. आणि नसबंदी न झालेला बोका भिंतीवर फवारे मारत असेल, तर नसबंदीने बहुतेकदा फरक पडतो.

घरात बाळ येणार आहे. डॉक्टर आणि घरातले मोठे म्हणतात मांजर काढून टाका.

ही भीती टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची आहे, गरोदरपणात त्याची लागण झाली तर पोटातल्या बाळाला इजा होऊ शकते. भीती खरी, पण उपाय चुकीचा. मांजराच्या विष्ठेतून हा परजीवी बाहेर पडतो तो आयुष्यात बहुधा एकदाच, पहिल्यांदा लागण झाल्यावर काही दिवस ते दोन-तीन आठवडे. बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला त्याला किमान एक दिवस लागतो. म्हणून ट्रे रोज साफ केला आणि गरोदर बाईऐवजी घरातल्या दुसऱ्या कुणी केला, तर धोका फार कमी होतो. मांजराला कच्चं मांस देऊ नका आणि बाहेर शिकारीला सोडू नका. माणसांना ही लागण अर्धकच्च्या मांसातून, न धुतलेल्या भाजीतून आणि बागेतल्या मातीतूनही होते, ती काळजी मांजर नसलेल्या घरातही घ्यावीच लागते.

बाळ झाल्यावर प्राणी आणि बाळ यांना एकटं सोडू नये, हा नियम मात्र कडक पाळा. कुत्र्याची दिनचर्या बाळ येण्याआधीच हळूहळू बदलायला घ्या, म्हणजे सगळे बदल त्याच्यावर एकदम कोसळणार नाहीत.

अ‍ॅलर्जी झाली तर प्राणी सोडण्यावाचून पर्याय असतो का?

तीव्र दमा असेल तर नसतो, आणि तिथे आम्ही कुणालाही दोष देत नाही. पण आधी चाचणी करून घ्या. धुळीतल्या किड्यांची किंवा परागकणांची अ‍ॅलर्जी मांजराच्या माथी मारलेली आम्ही पाहिली आहे. मांजराची अ‍ॅलर्जी केसांची नसते. तिच्या लाळेत आणि त्वचेत तयार होणाऱ्या एका प्रथिनामुळे ती होते आणि केसांबरोबर ते घरभर पसरतं. मांजर गेल्यावरही ते गाद्या-सोफ्यांत काही महिने टिकून राहतं, त्यामुळे "सोडून पाहू, बरं वाटतं का" हा प्रयोग आठवड्याभरात काहीच सांगत नाही. झोपण्याची खोली प्राण्यासाठी बंद करणं, हवेतले बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर, गालिचे काढून टाकणं आणि डॉक्टरांची औषधं यांनी अनेकांचं भागतं. अजिबात अ‍ॅलर्जी न देणारी जात म्हणून कुणी पिल्लू विकत असेल, तर विश्वास ठेवू नका. अशी जात नाही.

आजारपणाचा खर्च झेपत नाही म्हणून सोडलेले प्राणी जास्त असतात का?

असतात, आणि ही प्रकरणं सगळ्यांत जिव्हारी लागतात, कारण मालकाची माया आटलेली नसते. बऱ्याच वेळा एका शस्त्रक्रियेचा किंवा काही महिन्यांच्या औषधांचाच प्रश्न असतो. पशुवैद्याला स्पष्ट सांगा, "माझ्याकडे इतकेच आहेत, यात काय करता येईल?" कमी खर्चाचा दुसरा मार्ग अनेकदा असतो, पण विचारल्याशिवाय तो पुढे येत नाही. हप्ते, धर्मादाय दवाखाने, संस्थांची मदत यांची चौकशी करा. आजारी प्राण्याला शेल्टरमध्ये पाठवून त्याचा आजार सुटत नाही; तोच खर्च, तीच शस्त्रक्रिया, फक्त आता ओळखीचं माणूस जवळ नाही.

मादीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, असं म्हणतात. खरं का?

तिच्या आरोग्यासाठी याची काहीही गरज नाही. नसबंदी न केलेल्या मादीला पुढे गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो आणि तो जीवघेणा ठरतो. नसबंदीने तो जवळजवळ नाहीसा होतो.

आता हिशेब पाहा. मांजर चार-पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते. गर्भ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा. विण्याला चार-पाच पिल्लं, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. भावंडं एकमेकांत लागतात, त्यांना नातं कळत नाही. "दोन्ही पिल्लंच आहेत अजून" म्हणून थांबलेल्या घरात वर्षाच्या आत मांजरांची पलटण होते, आणि मग येतं ते "घरात मांजरं फार झाली" हे कारण. नर कुत्रे आणि बोके माजावर आलेल्या मादीच्या मागे मैलभर जातात, हरवतात, गाडीखाली येतात. नसबंदी कोणत्या वयात करावी हे जात आणि आकार पाहून पशुवैद्य सांगतील, पण विषय पहिल्या लसीच्या वेळीच काढा.

हरवलेले प्राणी घरी परत का जात नाहीत?

ते कुणाचे आहेत हे कळायला मार्ग नसतो म्हणून. अमेरिकेतल्या ५३ शेल्टरमधल्या नोंदींचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सापडलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे २२ टक्के मालकाकडे परत गेले होते. मायक्रोचिप असलेल्यांपैकी ५२ टक्के. मांजरांमध्ये तर एरवी दोन टक्क्यांहून कमी आणि चिप असलेल्यांत ३८ टक्क्यांहून जास्त. चिप असूनही मालक सापडला नाही, अशा प्रकरणांत मोठं कारण होतं ते चुकीचा किंवा बंद पडलेला फोन नंबर.

चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि मानेजवळच्या त्वचेखाली टोचतात. तिच्यात बॅटरी नसते आणि ती ठावठिकाणा सांगत नाही, स्कॅनर धरल्यावर फक्त एक क्रमांक दाखवते. तो क्रमांक तुमच्या नावावर नोंदलेला नसेल तर चिप असून नसल्यासारखी. म्हणून चिप आणि गळ्यातल्या पट्ट्यावर ठळक फोन नंबर, दोन्ही हवं. फटाके किंवा वादळ असलेल्या रात्री कुत्र्याला आतल्या खोलीत ठेवा, त्या रात्रींनंतर सापडलेल्यांची रांग लागते.

मांजर हरवलं तर लांब शोधत बसू नका. घाबरलेलं मांजर बहुतेकदा घराच्या आसपासच जिन्याखाली, गॅरेजमध्ये, कुंड्यांच्या मागे दडून बसतं आणि मालकाच्या हाकेलाही ओ देत नाही. सामसूम झाल्यावर टॉर्च घेऊन पाहा, डोळे चमकतात.

जातिवंत कुत्रीही शेल्टरमध्ये येतात?

हो. एखादी जात सिनेमात गाजली की तिची मागणी वाढते आणि ती लाट दहा वर्षांपर्यंत टिकू शकते, असं अमेरिकेतल्या नोंदणीच्या आकड्यांच्या अभ्यासात दिसलं आहे. रूप पाहून घेतलेला कुत्रा स्वभावाने घरात बसत नाही. मेंढ्या राखण्यासाठी तयार केलेल्या कुत्र्याला दिवसभर काम लागतं, बर्फात गाडी ओढणाऱ्याला पळायला लागतं. पग आणि फ्रेंच बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना श्वासाचे त्रास जन्मजात असतात. पिल्लू घेताना हे कुणी सांगत नाही.

भेट म्हणून दिलेले प्राणी लवकर सोडले जातात ना?

असा समज आहे, पण झालेल्या अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. भेट मिळालेले प्राणी इतरांपेक्षा जास्त सोडले जात नाहीत. घरच्यांना न विचारता दिलेली भेट मात्र देऊच नये.

ससे, कासवं, पोपट यांचं काय?

यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ससा आठ-दहा वर्षं जगतो, मुलांच्या हौसेने आणला जातो आणि मुलांची हौस महिन्याभरात संपते. नर-मादी एकत्र ठेवले तर साधारण महिन्याला एक वीण. लाल कानपट्टीचं कासव नाण्याएवढं असताना गोड दिसतं; ते ताटलीएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. मोठे पोपट तर मालकाच्या मागे उरतात. अशा प्राण्यांना तळ्यात किंवा रानात "मोकळं" करू नका. ते एक तर मरतात किंवा तिथल्या जिवांना खाऊन संपवतात.

मालकाचं निधन झालं तर?

घरचे दुःखात असतात आणि मांजर पलंगाखाली. वयस्कर किंवा एकट्या माणसांनी प्राण्याला कोण सांभाळणार हे त्या व्यक्तीशी बोलून, लिहून ठेवावं. पाकिटात "घरात मांजर आहे, अमुक नंबरवर फोन करा" अशी चिठ्ठी असावी. अपघात झाला तर घरात कुणी उपाशी आहे हे कुणाला तरी कळायला हवं.

आपत्तीतही हेच. २००५ मध्ये अमेरिकेतल्या कतरिना वादळाच्या वेळी प्राण्यांना सोबत नेता येत नाही म्हणून अनेकांनी घर सोडायला नकार दिला. त्यानंतर २००६ मध्ये अमेरिकेत कायदा झाला, की स्थलांतराच्या योजनेत पाळीव प्राण्यांचा विचार झालाच पाहिजे. घरात मारहाण सहन करणाऱ्या बायकाही कित्येकदा याच एका कारणाने बाहेर पडत नाहीत. अशा वेळी प्राण्याला गुपचूप सांभाळणाऱ्या संस्था असतात, विचारा.

शेल्टरमधल्या प्राण्यात काहीतरी खोट असणारच ना?

वर वाचलंत ते सगळं माणसांच्या आयुष्यात घडलेलं आहे. प्राण्याचा दोष त्यात क्वचितच असतो. शिवाय पिंजऱ्यातलं प्राण्याचं वागणं म्हणजे त्याचा स्वभाव नव्हे. कुत्र्यांच्या खोल्यांमध्ये आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. घरातून आलेलं मांजर पहिले काही दिवस ट्रेमध्ये वाळूवर अंग मुडपून, भिंतीकडे तोंड करून बसतं, खात नाही. त्याच ताणाने अंगात दबून असलेला सर्दीचा विषाणू उसळतो आणि ते शिंकायला लागतं. बघायला आलेली माणसं म्हणतात, "हे आजारी आहे, माणूसघाणं आहे," आणि पुढे जातात. तेच मांजर फॉस्टर घरात गेल्यावर आठवड्याभरात मांडीवर येऊन झोपतं.

दत्तक घेतल्यावरही धीर धरा. तीन दिवस भांबावण्याचे, तीन आठवडे रुळण्याचे, तीन महिने आपलं वाटायला, असा आमच्यात ढोबळ आडाखा आहे. परत येणारे प्राणी बऱ्याचदा पहिल्या काही दिवसांतच परत येतात.

नाइलाजाने प्राणी सोडावाच लागला, तर कसा सोडावा?

आधी फोन करा. शेल्टर भरलेलं असेल तर थांबायला सांगतील; रागावू नका, जागा नसताना घेतलेला एक प्राणी दुसऱ्या कुणाच्या तरी जिवावर येतो. तेवढ्यात स्वतः घर शोधा, ओळखीत शोधा, आणि नवं घर प्रत्यक्ष पाहून या.

आणताना लसीकरणाची कागदं, चालू औषधं आणि त्याचं नेहमीचं खाणं आणा. न धुतलेली चादर किंवा तुमचा जुना शर्ट सोबत द्या, ओळखीचा वास असला की पहिल्या रात्री थोडा आधार होतो. "रस्त्यावर सापडला" असं खोटं सांगू नका. हा कुणाचा तरी हरवलेला प्राणी समजून आम्ही मालकाची वाट पाहत राहतो आणि त्याचे दिवस वाया जातात. फॉर्मवर खरं लिहा. चावला असेल तर कधी, कुणाला, काय झाल्यावर, ते लिहा. मुलांबरोबर कसा आहे, मांजर पाहिली की काय करतो, कानामागे खाजवलेलं आवडतं की पोटावर, कोणत्या हाकेला येतो, हेही लिहा. यावरूनच आम्ही त्याला जुळणारं घर शोधतो. आणि चिपची नोंद शेल्टरच्या नावावर करून द्या, नाहीतर पुढे तो हरवला तर फोन तुम्हालाच येईल.